जुन्या बीटलचा स्टार्टर आणि फ्युएल पंप बदलताना

आठवडाभर उभी असलेली बीटल सुरू करायला लांबलचक सेल्फ मारावा लागतो. नंतर तीच गाडी गरम असताना पेट्रोल भरायला थांबलात, की चावी फिरवल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो आणि पुढे काही नाही. नव्याने जुनी गाडी घेतलेल्या प्रत्येकाला ही दोन दुखणी भेटतात, आणि बहुतेक जण ती वेगवेगळी समजतात. त्यांचा एकमेकांशी संबंध आहे. फ्युएल पंपाच्या झडपा पेट्रोल धरून ठेवत नसतील, तर उभ्या गाडीत पेट्रोल नळीतून मागे उतरतं. कार्बोरेटरच्या (पेट्रोल-हवेचं मिश्रण करणाऱ्या भागाच्या) वाटीतलं पेट्रोलही हळूहळू उडून जातं. मग रिकामी वाटी भरेपर्यंत स्टार्टर, म्हणजे सेल्फची मोटर, फिरत राहतो, तापतो आणि झिजतो. म्हणून स्टार्टर बदलायला घेतलाच असेल, तर त्याच सुट्टीत पंपही बघून टाका.

हा लेख मागे इंजिन असलेल्या, हवेवर थंड होणाऱ्या फोक्सवॅगन बीटलसाठी आहे. त्यातही १५०० आणि १६०० सीसीची, १२ व्होल्टची, साध्या गिअरची गाडी डोळ्यांपुढे ठेवली आहे. १९६७च्या मॉडेलपासून बहुतेक बीटल १२ व्होल्टच्या झाल्या, त्याआधीच्या ६ व्होल्टच्या. तुमची गाडी जुनी असून कुणी मध्येच १२ व्होल्टची करून घेतली असेल, तर चौथी पायरी दोनदा वाचा.

सुरुवातीलाच माझं ठाम मत सांगतो. सुटे भाग मागवण्याआधी तपासणी करा. ‘स्टार्टर गेला’ म्हणून काढलेले कितीतरी स्टार्टर चांगले असतात. बिघाड वायरीत, अर्थिंगमध्ये किंवा चावीच्या स्विचमध्ये असतो. बाहेरून मागवलेला भाग, त्यावरचं कस्टम्स आणि महिनाभराची वाट, हे सगळं झाल्यावर गाडी तशीच उभी राहिली तर हुरूप जातो. या गाडीवर काम करायला हुरूप लागतो.

काय काय जमवायचं

- १०, १३ आणि १७ नंबरचे रिंग पाने व फिक्स पाने, १७ची खोल गोटी (सॉकेट) आणि लांब एक्स्टेन्शन
- डायनमोच्या (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राच्या) पुलीचा नट फिरवायला २१चा पाना
- जॅक आणि गाडी टेकवायला दोन भक्कम घोड्या (स्टँड), चाकांना लावायला लाकडी ठोकळे
- मल्टीमीटर
- व्हर्नियर किंवा खोली मोजता येईल अशी पट्टी
- जाड इन्सुलेटेड वायरीचा तुकडा, तारेचा ब्रश, गंज सोडवणारं तेल
- पेट्रोलच्या नळ्या आणि क्लिपा (सगळ्या नव्या)
- पंपाखालची गॅस्केट, एकापेक्षा जास्त
- ब्राँझचं नवं बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती छोटी नळी)
- पेट्रोल धरायला घट्ट झाकणाचा डबा
- पावडरचा अग्निशामक, हाताशी

शेवटची वस्तू ऐच्छिक नाही. बीटलच्या इंजिनाच्या खोलीत पेट्रोलची नळी, डिस्ट्रिब्यूटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) आणि डायनमो एकमेकांपासून वीतभर अंतरावर आहेत, आणि यातल्या कितीतरी गाड्या नळीतून ठिबकलेल्या पेट्रोलानेच जळाल्या आहेत.

कागदपत्रांत चासी नंबर आणि इंजिन नंबर लिहून ठेवा. इतक्या वर्षांत इंजिनं बदलली गेलेली असतात, त्यामुळे भाग मागवताना गाडीच्या वर्षावर जाऊ नका. समोर जे इंजिन आहे त्याचा नंबर बघा, आणि त्यावर डायनमो आहे की अल्टरनेटर तेही बघा. कारण पुढे येईलच.

१. आधी अर्थिंग बघा

बॅटरी मागच्या सीटखाली उजव्या बाजूला असते. सीट उचला. बॅटरीवर झाकण आहे का ते बघा. नसेल तर जाड रबर किंवा प्लास्टिकचं झाकण करून घ्या. मागे वजनदार माणूस बसला की सीटच्या स्प्रिंगा खाली दबतात, बॅटरीच्या टोकांना टेकतात आणि सीट पेटते. बीटलचा हा जुना, नेहमीचा धोका आहे.

मल्टीमीटर लावा. भरलेली बॅटरी स्थिर असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. तेवढ्या वेळात आकडा साडेनऊच्या खाली जात असेल, तर आधी बॅटरीचं बघा.

आता गाडीखाली जा. गिअरबॉक्सच्या पुढच्या टोकापासून बॉडीपर्यंत विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. इंजिन आणि गिअरबॉक्स रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे स्टार्टरचा सगळा करंट याच पट्टीतून परत जातो. पट्टी हिरवी पडलेली किंवा अर्धी तुटलेली असेल, तर चांगला स्टार्टरही मेल्यासारखा वागतो. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरी स्टार्टरच्या अंगाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर पट्टी बदला आणि तिच्या दोन्ही जागा चकचकीत घासा. खर्च किरकोळ आहे. बऱ्याच गाड्यांचं काम इथेच संपतं.

२. स्टार्टर की वायरिंग?

स्टार्टर गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला, मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या अंगाला असतो. त्याच्या डोक्यावर छोटा दंडगोल दिसेल, तो सोलेनॉइड, म्हणजे स्टार्टरला करंट जोडणारा विजेचा स्विच. त्यावर ३० नंबरच्या टोकाला बॅटरीची जाड केबल येते आणि ५० नंबरच्या टोकाला चावीकडून बारीक वायर.

गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा. गिअरमध्ये राहिली तर या चाचणीत गाडी तुमच्या अंगावरून जाईल, म्हणून गिअरचा दांडा स्वतःच्या हाताने हलवून खात्री करा. मग जाड वायरीच्या तुकड्याने ३० आणि ५० क्षणभर जोडा.

स्टार्टर जोमाने फिरला, तर तो ठीक आहे. दोष चावीच्या स्विचमध्ये किंवा पुढून मागे येणाऱ्या वायरीत. ही वायर डॅशबोर्डपासून मागपर्यंत गाडीची पूर्ण लांबी कापत येते आणि तेवढ्यात व्होल्टेज गळतं. इंजिन गरम असताना सोलेनॉइडला जास्त जोर लागतो, म्हणून थंड गाडी लागते आणि गरम गाडी नुसतं ‘टक्’ करते. उपाय रिलेचा आहे. चावीकडून येणारी जुनी वायर रिलेच्या ८६ला, ८५ अर्थला, ३०ला बॅटरीची थेट फ्यूज लावलेली वायर आणि ८७पासून स्टार्टरच्या ५०ला. रिले आणि वायर कुठल्याही ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते.

नुसता ‘टक्’ आला, रडतखडत फिरला किंवा खरखर झाली, तर स्टार्टर काढायचा.

३. स्टार्टर काढणं

बॅटरीची ऋण केबल काढा आणि टोक कापडात गुंडाळून बाजूला ठेवा. ३० नंबरच्या केबलला मध्ये फ्यूज नसतो, त्यामुळे हे न करता पाना लावलात आणि तो बॉडीला टेकला तर पाना तिथेच वेल्ड होईल.

गाडीचा मागचा भाग उचला, घोड्यांवर ठेवा, उजवं चाक काढा. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली जाऊ नका. ‘पाच मिनिटांचं काम’ असलं तरी नाही.

दोन्ही वायरी काढण्याआधी फोटो काढा. आता स्टार्टर दोन ठिकाणी धरलेला आहे. खालचा १७चा नट सरळ दिसतो. वरचा बोल्ट त्रास देतो, कारण तोच इंजिन आणि गिअरबॉक्सलाही जोडतो. त्याचं एक टोक स्टार्टरकडे आणि दुसरं इंजिनाच्या खोलीत पंख्याच्या आवरणामागे असतं. तिथे नजर पोचत नाही, बोटांनीच चाचपावं लागतं. काही इंजिनांत या बोल्टचं डोकं एका बाजूने सपाट असतं आणि इंजिनाच्या अंगाला अडकून बसतं, तेव्हा एकटा माणूस काम करू शकतो. साधा बोल्ट असेल तर दुसऱ्या टोकाला पाना धरायला कुणीतरी हवं. आदल्या संध्याकाळी दोन्हीकडे गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. हा बोल्ट निघाला म्हणून इंजिन पडत नाही, बाकीचे तीन धरून असतात. तरी इंजिनाखाली लाकडी फळी ठेवून जॅकचा हलका आधार दिलेला बरा.

स्टार्टर सरळ पुढे ओढून खाली घ्या. लहानसा वाटणारा हा ऐवज चांगला जड आहे, दोन्ही हातांनी धरा.

४. बुश आणि फ्लायव्हील: इथे घाई नको

साध्या बीटलच्या स्टार्टरला पुढे नाक नसतं. त्याच्या शाफ्टचं टोक गिअरबॉक्सच्या आवरणात ठोकलेल्या ब्राँझच्या एका छोट्या बुशमध्ये फिरतं. म्हणजे स्टार्टरचं एक बेअरिंग स्टार्टरमध्ये नसून गाडीत असतं. नवा स्टार्टर आणून जुन्या, लंबगोल झालेल्या बुशमध्ये बसवलात, तर शाफ्ट डुगडुगतो, आर्मेचर (आत फिरणारा भाग) आतल्या पोलना (स्थिर चुंबकांना) घासतं, करंट वाढतो आणि काही महिन्यांत नवाही गेला. ‘नवे स्टार्टर टिकतच नाहीत’ ही तक्रार बहुतेक वेळा या बुशची असते.

भोकात बोट घालून बुशचा आतला काठ चाचपा. काढलेल्या स्टार्टरचं टोक त्यात घालून हलवून बघा. थोडीही डुगडुग जाणवली तर बदला. बुश काढायचं हत्यार मिळतं. नसेल तर बुशच्या आत टॅपने आटे पाडतात आणि बोल्ट घालून ओढून काढतात. ज्याने हे कधी केलं नाही त्याने लेथवाल्या कारागिराला घरी बोलवावं, कारण टॅप आत तुटला तर मोठं काम निघतं. नवं बुश बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. ते सच्छिद्र असतं, तेल पितं आणि नंतर तेच तेल शाफ्टला पुरवतं. ठोकताना शाफ्टच्या मापाचा दांडा आत ठेवा, म्हणजे काठ चेपत नाही.

६ आणि १२ व्होल्टच्या स्टार्टरच्या शाफ्टची जाडी वेगळी. ६ व्होल्टचा साडेबारा मिलिमीटर, १२ व्होल्टचा जवळपास ११. फ्लायव्हीलचे (स्टार्टर ज्याला फिरवतो त्या इंजिनाच्या जड चाकाचे) दातेही वेगळे, ६ व्होल्टचे १०९ आणि १२ व्होल्टचे १३०. बदल केलेल्या गाड्यांत यांची सरमिसळ झालेली असते. कुठला शाफ्ट, कुठलं बुश आणि किती दाते हे मोजल्याशिवाय एक रुपयाचाही भाग मागवू नका. स्वतःचं नाक असलेले, बुश न लागणारे स्टार्टरही मिळतात. गिअरबॉक्सची बुशची जागाच खराब झाली असेल तर तो चांगला पर्याय आहे.

भोक उघडं आहे तोवर फ्लायव्हीलचे दाते बघून घ्या. डायनमोच्या पुलीच्या नटाला २१चा पाना लावून इंजिन हळूहळू फिरवा आणि टॉर्चच्या उजेडात पूर्ण फेरी बघा. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना ठरावीक जागीच थांबतं, म्हणून दाते सगळीकडे सारखे झिजत नाहीत, एक-दोन ठिकाणीच झिजतात.

५. नवा घ्यायचा की जुनाच बांधून घ्यायचा

मी जुना बांधून घेण्याच्या बाजूचा आहे. गाडीसोबत आलेल्या बॉशच्या स्टार्टरचं अंग आणि आतलं तांबं दणकट असतं. झिजतात ते कार्बन (करंट आत नेणारे ब्रश), बुश आणि बेंडिक्सचा (फ्लायव्हीलमध्ये अडकणाऱ्या गिअरचा) क्लच. सोलेनॉइड वेगळं मिळतं आणि दोन स्क्रूंवर बसतं. सेल्फ-डायनमो बांधणारा जुना कारागीर तुमच्या गावात नक्की असेल. त्याच्याकडे कम्युटेटर (कार्बन ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) लेथवर साफ करून घ्या, कार्बन मापाचे घालून घ्या, आणि स्टार्टर तिथेच बॅटरीवर फिरवून बघूनच घरी आणा. बाजारात मिळणारे स्वस्त नवे स्टार्टर दिसायला चकाचक असतात. पण ते घेतलेत तरी जुना भंगारात देऊ नका.

परत बसवताना शाफ्टच्या टोकाला आणि बुशला ग्रीसचा पातळ हात द्या. १७चे दोन्ही नट साधारण ३० न्यूटन-मीटरला आवळा. आवरण मॅग्नेशियम मिश्रधातूचं आहे, जोर केलात तर आटे जातात. ३०ची केबल गिअरबॉक्सला किंवा हीटरच्या नळीला टेकत नाही ना, ते बघून मगच बॅटरी जोडा. सेल्फ लागतोय याची खात्री करा. पंपाच्या तपासणीत सेल्फ मारावा लागतो, म्हणून बॅटरी तूर्त जोडलेलीच राहू द्या.

६. पंप खरंच गेलाय का

यांत्रिक फ्युएल पंप डिस्ट्रिब्यूटरच्या शेजारी इंजिनावर दोन नटांनी बसवलेला असतो. जुने मिस्त्री त्याला एसी पंप म्हणतात. डिस्ट्रिब्यूटर फिरवणाऱ्या शाफ्टवरच्या कॅममुळे एक दांडी वरखाली होते आणि ती पंपाचा डायफ्राम (पेट्रोल ओढणारा लवचिक पडदा) हलवते.

आधी डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वर गेली असेल, तर फाटलेल्या डायफ्राममधून पेट्रोल थेट इंजिनात उतरतंय असा पहिला संशय घ्या. अशी गाडी चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगांना वाचवत नाही. पंप बदलल्यावर ऑइलही बदला.

वास नसेल तर कॉइलकडे (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाकडे) येणारी वायर काढून टाका, म्हणजे ठिणगी पडणार नाही. इंजिन थंड हवं. कार्बोरेटरकडची नळी काढून डब्यात सोडा आणि सेल्फ मारायला सांगा. पेट्रोल ठोक्याठोक्याने जोरात पडलं तर पंप ठीक आहे, कार्बोरेटरची (वाटी भरल्यावर पेट्रोल अडवणारी) सुई बघा. पडलं नाही तर लगेच पंपाला दोष देऊ नका. टाकीकडून येणारी रबरी नळी आतून फुगून बंद झालेली असू शकते, किंवा बारीक चीर असेल तर पंप पेट्रोलऐवजी हवा ओढतो. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. नळी बाहेरून धडधाकट दिसली तरी बोटांनी दाबा. चिकट किंवा कडक लागली की बदला.

७. पंप काढणं आणि दांडीचं माप

बॅटरीची ऋण केबल पुन्हा काढा. टाकी पुढे आहे आणि भरलेली असेल तर नळी काढल्याबरोबर पेट्रोल वाहायला लागतं, म्हणून नळीत घालायला गुळगुळीत बोल्ट तयार ठेवा. टाकी कमी भरलेली असताना काम काढलंत तर आणखी चांगलं. घराच्या बंद गॅरेजमध्ये हे करू नका, आणि देवघरातला दिवा किंवा गॅसची शेगडी जवळपास पेटलेली नाही ना ते बघा.

१३चे दोन नट काढले की पंप वर निघतो. त्याखाली काळ्या प्लास्टिकची जाड चकती आणि तिच्यातून वर आलेली दांडी दिसेल. दांडी आधी काढा, मग चकती.

डायनमोच्या इंजिनाला १०८ मिलिमीटरची दांडी लागते. अल्टरनेटरच्या इंजिनाचा पंप वेगळ्या अंगाचा असतो आणि त्याला १०० मिलिमीटरची. नवा पंप कुठल्या प्रकारचा आहे ते बघा. १०० मिलिमीटरच्या पंपाखाली लांब दांडी ठेवून नट आवळलात, तर पंप पहिल्याच फेरीत फुटतो.

बसवताना खालचं गॅस्केट, मग चकती, मग दांडी, असाच क्रम ठेवा. चकतीआधी दांडी सोडलीत तर ती इंजिनात उतरून जाऊ शकते. निमुळतं टोक खाली, कॅमकडे.

आता सगळ्यात दुर्लक्षित पायरी. चकतीवर वरचं गॅस्केट ठेवा, पुलीवरून इंजिन फिरवा आणि दांडी सगळ्यात वर येईल तिथे थांबा. गॅस्केटच्या पृष्ठभागापासून दांडीच्या टोकापर्यंत १३ मिलिमीटर भरायला हवेत. जास्त भरले तर चकतीखाली आणखी गॅस्केट घाला. दांडी जास्त वर आली की पंप जास्त दाब देतो. या कार्बोरेटरला साधारण ३ पीएसआय (दाबाचं एकक) पुरतो. त्याच्या फार वर गेलं की सुई पेट्रोल अडवू शकत नाही, वाटी ओसंडते आणि ते पेट्रोल गरम इंजिनावर पडतं. बाजारातले काही नवे पंप मुळातच जास्त दाब देतात, म्हणून दाब मोजायचं मीटर कुणाकडून मिळालं तर जरूर लावून बघा.

पंपाच्या खालच्या पोकळीत, लीव्हरवर, ग्रीस भरा. मग पंप बसवा आणि दोन्ही नट आळीपाळीने आवळा.

इलेक्ट्रिक पंप लावायचा सल्ला अनेक जण देतील. तो अपघातात इंजिन बंद पडल्यावरही पेट्रोल ढकलत राहतो, आणि त्यासाठी वेगळं कट-ऑफ लागतं. यांत्रिक पंप इंजिनाबरोबर थांबतो. रस्त्यावर साधेपणाने चालवायच्या गाडीला तो पुरे आहे.

८. नळ्या आणि फिल्टर

पंपासोबत सगळ्या रबरी नळ्या बदला, टाकीखालचीसुद्धा. पुण्यात असाल तर नाना पेठेत नळ्या आणि क्लिपा मिळतात, पण इथेनॉल चालणारी फ्युएल-इंजेक्शनच्या गाड्यांची नळी मागा आणि नळीवरची छपाई स्वतः वाचा. सैल नळी मोठ्या क्लिपेने आवळून भागवू नका, माप जुळलंच पाहिजे. इंजिनाच्या पुढच्या पत्र्यातून नळी जिथे आत येते तिथलं रबरी ग्रोमेट जागेवर हवं, नाहीतर पत्रा नळीला कापतो.

पारदर्शक प्लास्टिकचा फिल्टर पंप आणि कार्बोरेटरच्या मध्ये लटकवलेला दिसतो. तो तिथून काढा. वजनाने आणि कंपनाने तो नळी ओढतो, आणि सुटला की पेट्रोल थेट डिस्ट्रिब्यूटरवर. फिल्टर खाली गिअरबॉक्सजवळ, इंजिनाच्या खोलीबाहेर बसवा. कार्बोरेटरमध्ये ठोकलेली पितळी नळीही हाताने हलवून बघा. ती सैल झालेली असते आणि हातात येते. आली तर गाडी सुरू करू नका, कारागिराकडून ती पक्की बसवून घ्या.

९. पहिला स्टार्ट

बॅटरी जोडा, कॉइलची वायर परत लावा. वाटी रिकामी आहे, त्यामुळे लगेच लागणार नाही. दहा सेकंद सेल्फ, मग अर्धा मिनिट थांबा, असं करत राहा. सलग रेटू नका.

इंजिन लागल्यावर झाकण उघडं ठेवून पंपाचे दोन्ही सांधे, कार्बोरेटरची नळी आणि चकतीभोवतीची कड टॉर्चने बघा. ओल दिसली तर तिथेच बंद करा. कोरडं असेल तर पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणा, गाडी गरम असतानाच बंद करा आणि पाच मिनिटांनी पुन्हा चावी फिरवा. गरम गाडी एका दमात लागली तर स्टार्टरचं काम झालं.

पहिल्या आठवड्यात पंपाचे नट थंड इंजिनावर पुन्हा तपासा, नवी गॅस्केट दबल्यावर ते सैल होतात. दोन-तीनदा डिपस्टिकचा वास घ्या. काढलेला पंप आणि दांडी तारीख लिहून पिशवीत ठेवा. डायफ्रामचा किट मिळाला की तो जुना पंप दुरुस्त करता येतो, आणि लांबच्या प्रवासात डिकीत असावा असा तो सुटा भाग आहे.